मडक्याचा कौल

दर्यात मासा मिळेना, तेव्हा देवगडजवळच्या आमच्या वाडीने १९५८ साली माशाऐवजी चेटकीण पकडायचं ठरवलं. त्यासाठी घाटावरून भस्मेबुवा आणवला. देवळापुढे सारा गाव जमला. बुवाने मडकं मांडलं आणि त्यावर डोळा फोडलेली करवंटी पालथी घातली.

"आत तीर्थ आहे. बाईच्या नावाने अंगारा टाकतो. पापी असेल तर मडकं गरजेल."

"व्हय म्हाराजा," गाव ओरडला.

चारपाच बायकांच्या नावांनी मडकं गप्पच राहिलं. मग कावेरीची पाळी आली. कावेरी विधवा, आणि तिच्या माडांच्या बागेवर दीर जयरामचा डोळा; बुवाला आणायला घाटावर गेला होता तोही जयरामच. तिच्या नावाचा अंगारा पडताच मडकं फसफसलं. बुवाने करवंटीच्या भोकाशी पेटती काडी नेली. धडाम! करवंटी उडून कावेरीच्या कपाळावर बसली.

"हिनाच दर्यो बांधल्यान," म्हणत जयरामने तिला केसांना धरून आडवी पाडली. चिंचेचे फोक बरसले. लुगडं फाटलं, पाठ फुटली. "दर्यात घाला तिका," कोणीतरी ओरडलं आणि तिला फरफटत नेऊ लागले.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो. बुवाच्या भगव्या लुंगीला बारीक भोकं होती. आम्ल उडून माझ्या धोतरालाही तशीच पडतात. माझं डोकं फिरलं. मी मध्ये पडलो, फोक खाल्ले, आणि बुवाची कनवट खेचली. दोन पुड्या पडल्या. एकीत नुसती राख, दुसरीत चकचकीत चुरा मिसळलेली.

"आता बुवाच्या नावानं," म्हणत मी दुसरी पुडी मडक्यात ओतली, करवंटी ठेवली आणि जरा थांबून काडी लावली. या वेळी मडकंच फुटलं. बुवाची दाढी होरपळली.

"हे तीर्थ म्हणजे लॉरीच्या बॅटरीतलं आम्ल," मी सांगितलं. "चुरा जस्ताचा, विजेरीच्या जुन्या सेलचा. जस्त आम्लात पडलं की हायड्रोजन सुटतो. मूलद्रव्यांच्या तक्त्यात पहिल्या घरात बसणारा, सगळ्यांत हलका वायू. हवेत मिसळून पेटला की धडाम, आणि मागे उरतं ते पाणी. त्याला पाप कळत नाही आणि विधवाही ओळखता येत नाही."

गावाने एवढंच ऐकलं की बुवा लबाड. तेच फोक आता बुवावर पडू लागले, जयराम सगळ्यांत पुढे. मला संताप आला, पण माझा आवाज कोण ऐकणार.

कावेरी उठली. कपाळावरून डोळ्यात उतरलेलं रक्त पुसून तिने जयरामचा फोक धरला.

"ऱ्हवा. मघाशी मडक्याक इचारलात. माका कोणी इचारूक नाय."

जयरामची मूठ सुटली. एकेक फोक खाली आला. बुवाला आम्ही पोलिसांकडे नेलं, पण कावेरीच्या पाठीवरचे वळ काही बुवाने उठवले नव्हते.

लोकहो, मडकं गरजलं तर आत काय घातलंय ते आधी पाहा. आणि माणसावर हात उचलण्याआधी त्या माणसाला विचारा.