फक्त चूक लिहायची

छोट्या मॅडमनी राजीनामा दिल्याचं मला साहेबांकडून कळलं. आम्हा दोघींची टेबलं लागून आहेत, तरी.

"काय केलंत तुम्ही?" साहेब म्हणाले. "इतकी चांगली मुलगी पुन्हा मिळायची नाही."

"मी काहीच केलं नाही."

"तिने कारण दिलंय, वरिष्ठांचा कामावर विश्वास नाही. वरिष्ठ म्हणजे तुम्ही. मी तर फक्त चहाच्या वेळी दिसतो." त्यांनी कागद उलटा ठेवला. "पाचपर्यंत हा वर पाठवत नाही. बघा थांबवता येते का."

आमची प्रयोगशाळा पाण्याची. शहरातल्या नळांचं पाणी रोज गाडीने, बर्फात ठेवलेल्या बाटल्यांतून येतं, आम्ही ते तपासतो. आम्हा एकवीस जणांचा फोनवर ग्रुप आहे आणि त्याचा नियम सात वर्षांपूर्वी मीच केला: फक्त चूक लिहायची, आणि माणसाचं नाव न घेता नमुन्याचा क्रमांक लिहायचा. त्याआधी तिथे रोज फुलं आणि सुविचार यायचे. एकदा त्या ढिगात दूषित पाण्याचा निरोप चार तास बुडून राहिला होता. नाव न घेण्यामागे हेतू हा, की कुणाला चारचौघांत मान खाली घालायला लागू नये.

आदल्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं होतं, "४१ पुन्हा. कारण लेखी द्या."

ती टेबलाचा खण रिकामा करत होती.

"अगं, ते एक्केचाळीसचं तुझ्यासाठी नव्हतं," मी म्हणाले. "बाटली कोमट आली होती. मला ड्रायव्हरकाकांकडून कारण हवं होतं."

"मग तसं लिहायचं ना, मॅडम. नमुना माझ्या टेबलावर होता. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी मला विचारलं, काय घोळ घातलास म्हणून. मी त्या प्लेटवरचे जंतू तीनदा मोजले. घरी जेवण गेलं नाही."

"एका निरोपावरून राजीनामा?"

तिने फोन माझ्यापुढे सरकवला. दोन वर्षांतले माझे निरोप तिने एका जागी गोळा करून ठेवले होते. "१७ पुन्हा." "तारीख राहिली." "८ ची प्लेट कोरडी." एकूण त्रेसष्ट. मी सगळे वाचले. एकही खोटा नव्हता.

सवयीने मी मनात भागाकार केला. तेवढ्याच काळात तिने नऊ हजारांच्या आसपास नमुने तपासले होते.

"शेकड्याला एकसुद्धा चूक नाही तुझी," मी म्हणाले. "इतका नेमका हात मी दुसरा पाहिला नाही."

"हे कुणाला माहीत आहे?"

"मला."

"मला नव्हतं माहीत." ती खुर्चीत बसली. "घरी जाताना रोज ग्रुप उघडायचे. काही नसलं की वाटायचं, सुटले. यालाच शाबासकी समजायचं, असं सुरुवातीला स्वतःला समजावलं. पुढे जमेना."

"आता लिहिते ना मी. मनापासून."

"तिथेच लिहा, सगळ्यांदेखत." तिने डोळे पुसले आणि थोडं हसली. "मग मी स्वतः जाऊन कागद परत मागते."

तीन ओळींना मला वीस मिनिटं लागली. विशेषणांची मला सवय नाही. शेवटी लिहिलं, "छोट्या मॅडमनी दोन वर्षांत सुमारे नऊ हजार नमुने तपासले. त्यांचं काम अतिशय अचूक आहे. अशी सहकारी मिळणं हे माझं भाग्य."

पहिलं उत्तर लगेच आलं: पुष्पगुच्छ. दुसरं, "पुढील वाटचालीस शुभेच्छा!" तिसरं, "तुमची उणीव भासेल." मग कारकून, "निरोप समारंभ कधी? केकचं माझ्याकडे."

सात वर्षांत त्या ग्रुपवर कौतुक तीनदाच आलं होतं, आणि तिन्ही वेळा कुणीतरी निवृत्त होत होतं. हे मला लिहिण्याआधी आठवायला हवं होतं.

मी धावत साहेबांच्या खोलीत गेले. पावणेचार वाजले होते.

"पाठवला की वर," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्ही हात टेकलेत. इतकं गोड तुम्ही एरवी लिहाल का?"

"परत घेता येईल?"

"येईल. पण उद्या सकाळपर्यंत तिने स्वतः लिहून द्यायला हवं."

मी परतले तेव्हा ती एकेकाला "आभारी आहे" लिहीत होती.

"आभार कसले मानतेस?"

"मग काय करू? सतरा जणांनी निरोप दिलाय. आता जात नाही म्हटलं तर म्हणतील, कौतुक करून घ्यायला नाटक केलं."

"मी खुलासा लिहिते."

"नको!" पलीकडच्या खोलीतलं बोलणं थांबलं, इतक्या जोरात ती म्हणाली. "हात जोडते मॅडम, तुम्ही आता काही लिहू नका."

मी फोन टेबलावरच ठेवला आणि खाली गेले. प्रत्येकाला तोंडी सांगायचं ठरवलं होतं. ड्रायव्हरकाका अंगणात बर्फाची पेटी धूत होते.

"वाचलं बरं का मॅडम. काय लिहिलंत! माझ्यावर पण लिहा कधीतरी असं." मग घाईघाईने, "पण मला इतक्यात जायचं नाहीये हं."

"काका, एक्केचाळीसचं कारण मी तुम्हाला विचारलं होतं."

त्यांनी नळ बंद केला. "मला? अहो, मीच छोट्या मॅडमना म्हणालो, बाई, तुमचं काही खरं नाही." मग पेटीकडे बघत म्हणाले, "बर्फ वाटेतच संपला होता."

"आणि त्या जात नाहीयेत."

"असं त्या म्हणाल्या?"

"नाही."

काकांनी पेटी उपडी केली. पाणी आमच्या पायांजवळून वाहत गेलं.

"मग इथे काय करताय? आधी त्यांच्याकडे जा. बाकीच्यांना मी सांगतो. माझं तोंड चालतं."

मी जिना चढायला लागले. तिला काय म्हणायचं ते जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य मनातच खोडत होते. दारापाशी पोचले तेव्हा तिचा फोन पुन्हा वाजला. तिने तो उचलला, वाचला आणि आणखी एक "आभारी आहे" लिहायला घेतलं.