पायरीवरची राखण

तेहतीस वर्षं विक्रोळीच्या कारखान्यात लेथ चालवला, पण मी कुणाला भ्यालो नाही. सुपरवायझरला तर नाहीच. गेले पंधरा दिवस मात्र रात्रंदिवस भीत होतो. आणि ज्याला भीत होतो, त्याला मीच हाताने जेवू घातलं होतं.

रिटायर झाल्यावर पवईच्या तलावाकाठी घर घेतलं ते सुगंधाच्या हट्टापायी. तिचे गुडघे गेलेत. रोज सकाळी सोसायटीमागच्या विसर्जनाच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसते आणि हसत घरी येते. तेवढ्यासाठी तरी घर घेतल्याचं सार्थक झालं, असं मला वाटायचं. तलावात मगरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, पाटीही लावलीय. पण त्या पलीकडच्या बेटावर पडून असतात, इकडे येत नाहीत, असं वॉचमन शिवदास छातीठोकपणे सांगायचा.

मी मूळचा मालवणकडचा. नव्या जागेत राहायला गेलं की तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, जेवणाचा मान द्यायचा, ही आमची रीत; त्यालाच आम्ही राखण म्हणतो. म्हणून पहिल्याच अमावास्येला तिन्हीसांजेला गेलो. खालच्या पायरीवर केळीच्या पानात भात आणि कोंबडीचं मटण ठेवलं आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला साकडं. सकाळी पानही जागेवर नव्हतं. राखण पावली म्हणून मी इतका फुशारलो की अमावास्येचं दर रविवारी करू लागलो, आणि मग रोजचंच. बांगड्याची डोकी, सुरमईचे काटे, काही फुकट घालवलं नाही.

"तुमचो राखणदार माझ्यापेक्षा बरो जेवता," सुगंधा म्हणायची.

मे संपत आला तसं पाणी खाली गेलं. एका संध्याकाळी मी पान ठेवून निघालो आणि तांब्या विसरला म्हणून मागे फिरलो. पाण्यातून एक लांबडं तोंड वर आलं. आवाज नाही, घाई नाही. पानासकट सगळं उचललं आणि गेलं. आमच्या दिवाणाहून लांब धूड होतं. ती मगर माझं गाऱ्हाणं ऐकून येत होती, रोज, वेळेवर.

त्याच पायरीवर सकाळी सुगंधाचे पाय असतात.

मी राखण बंद केली. तिला म्हटलं, शेवाळ धरलंय, खाली जाऊ नकोस. ती दोन दिवस गेली नाही, तिसऱ्या दिवशी एक पायरी वर बसली. मग रोज सकाळी मी काठी घेऊन तिच्या मागे उभा राहू लागलो, फिरायला आलोय असं दाखवत. उपाशी मगर जास्त वाईट की पोट भरलेली, हे मला कळेना. झोप उडाली. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण जन्मभर देवाधर्मातलं मला कळतं म्हणून तिच्यापुढे मिरवलं होतं. लाज आडवी आली, दुसरं काही नाही.

पंधरा दिवस असे गेले. काल अमावास्या होती. संध्याकाळी दूध घेऊन आलो तर घराला कुलूप. जिन्याच्या खिडकीतून मागे पाहिलं. सुगंधा सगळ्यात खालच्या पायरीवर उभी होती, घोटाभर पाण्यात, हातात पान. आणि आमच्याकडे जे बाप्यांनीच घालायचं ते गाऱ्हाणं ती घालत होती. माझ्याच चालीत, मोठ्याने.

"बा देवा राखणदारा, ह्येंका नीज लागना नाय. कसल्याक तरी भियाले हत. काय चुकला माकला आसात तर पदरात घे, आणि ह्येंचा भय काढून टाक रे म्हाराजा."

एवढं म्हणून ती थांबली. समोरच्याने 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. म्हणायला कुणी नव्हतं. पाण्यावर मात्र एक रेघ सरळ तिच्याकडे येत होती.

दोन जिने कसा उतरलो माहीत नाही. माझी चाहूल लागून तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला, गाऱ्हाण्याला साथ द्यायला मी आलो असंच तिला वाटलं. मी तिचं मनगट धरून वर ओढलं. दोघंही पायरीवर आपटलो. पान तिच्या हातातून पडलं, आणि ते तोंड वर आलं. तिने ते पाहिलं. मगरीने पान उचललं, क्षणभर आमच्याकडे बघत राहिली आणि पाण्यात गेली.

सुगंधाचा गुडघा फुटला होता. तिने पदर लावून तो दाबून धरला.

"तुमका ठावक होता," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"आणि रोज सकाळी माका हय बसूक दिलास."

मगरीची भीती तिथेच संपली. आता सुगंधाकडे बघायची भीती वाटत होती.