तिन्ही मुळं

“बाकीचे दोगं कुटं हायत, पाव्हणं?” कोंडीबानं जावयाच्या पाठीमागं रस्त्यावर नजर टाकली.

जतच्या त्या घरात तीन पानं मांडलेली होती. टँकरच्या मोजक्या पाण्यात पुरण शिजलं होतं. नाथाजी उंबऱ्यातच थबकला.

“कोन दोगं?”

“आवं, तुमीच निरोप धाडलासा. तिन्ही मुळं गावली म्हून. शमशेर कंडक्टर सांगून गेला.”

नाथाजीला घोटाळा उमगला. माहेरी बसलेल्या बाईला सासरी न्यायला जो माणूस येतो, तो मूळ. आणि एक व स्वतः सोडून ज्याला कशानंच भाग जात नाही, तो आकडाही शाळेत मूळच. भाषा घडवणाऱ्यांना आणखी एक शब्द सुचला नाही, त्याची फळं नाथाजी भोगत होता.

तासगावात तो द्राक्षबागांचे पंप दुरुस्त करायचा. हात ग्रीसमध्ये, डोकं आकड्यात. मूळ आकडा घ्यायचा. दुप्पट करून एक मिळवायचा, चौपट करून तीन मिळवायचे. तिन्ही मूळ निघाले की गडी खूश. एक्केचाळीस, त्र्याऐंशी, एकशे सदुसष्ट. तीनशे एकोणसाठच्या पुढं मात्र गाडी अडली. ताटातली भाकरी वाळायला लागली, तशी बायको शालूबाई “मूळ आल्याबिगर येनार न्हाई” म्हणून माहेरी निघून आली. गाव त्याला खुळा म्हणायचं. पुढाऱ्याच्या जीपमागं घसा फोडत धावणारं हे शहाणं गाव.

नवा आकडा गावला, आता तिचा राग जाईल, अशा भाबड्या हिशेबानं तो आला होता.

“दोगं एस्टीत ऱ्हायली,” एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दाराआड बांगड्या वाजल्या आणि त्याच्यानं खोटं बोलवेना.

“पाचशे नऊ,” तो खाली बघत म्हणाला. “एक हजार एकोणीस. दोन हजार एकोणचाळीस.”

“ही मानसं हायत का ट्रकचं नंबर?” कोंडीबा उखडला. “आन् नवरा सोता मूळ म्हून येतो व्हय कुटं? पोरी, तू हितंच ऱ्हा.”

शालूबाई पुरणपोळ्यांची दुरडी घेऊन बाहेर आली.

“आबा, मी मूळ धाडा म्हनलं. कसलं, ते कुटं सांगितलं?” मग नवऱ्याकडं वळून, “बसा आता. तिगांचं तुमालाच संपवायचं हाय.”

दुसरं पान निम्मं होताच नाथाजीनं हात आखडला. तिसरं तिनं आपल्याकडं ओढलं आणि बापादेखत, डोक्यावरचा पदर नीट करून, नवऱ्यासमोर जेवायला बसली.