चार हजारांत पुणं

पगार बावीस हजार. त्यातले अठरा यांनी पुण्याहून दरमहा सासूबाईंच्या खात्यात टाकायचे आणि सासूबाईंनी ते अख्ख्या हट्टा गावाला सांगत फिरायचं, हा आमच्या घरचा रिवाज. गिरणीत दळण ठेवलं की आमच्या नर्मदाबाई सुरूच. "माझा विश्वंभर पुण्यात ऱ्हातो, पण जीव इथंच हाय." गावात अठरा हजार म्हणजे चैन. किराणा, गॅस, सासऱ्यांच्या गोळ्या भागून वर उरतात. दिवाळीला फ्रिज आला. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू.

मला तर आणखी एक कारण होतं. दिवाळीतच यांनी वसमतला बँकेत माझ्या नावानं खातं उघडलं. शेत सासऱ्यांच्या नावावर, घर सासूबाईंच्या. माझ्या नावावर आजवर काहीच नव्हतं. "तुझ्यासाठी बचत करतो," म्हणाले आणि खात्याचं एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम पुण्याला घेऊन गेले. पासबुक तेवढं मी साडीच्या घडीत जपून ठेवलं.

सोमवारी फोनची काच फुटली म्हणून मुबश्शीरच्या दुकानात गेले. चार वर्षं तो पुण्यात यांच्याच गोदामात कामाला होता. आता गावात मोबाइल दुरुस्ती करतो.

"काहून परत आले तुमी? तिथं तर पगार मोठा," मी सहज विचारलं.

"पगार मोठा, वहिनी, पण शहराचं पोट त्याहून मोठं. नुसत्या खाटेचे साडेतीन हजार, मेसचे चार. इथले बारा तिथल्या पंचवीसला भारी हायेत."

"आमचे हे तर चार हजारांत भागवतात."

त्याचा हात थांबला. "वहिनी, विश्वंभरभाऊनं गोदाम सोडून सात महिने झाले. तुमाला म्हाईत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी पासबुक भरायला वसमतला गेले. मशीन छापतच राहिलं. नव्वद हजार आले, गेले. दीड लाख आले, त्याच दिवशी गेले. नाव एकही ओळखीचं नाही. शिल्लक दोनशे बारा रुपये. बँकेच्या साहेबांनी पासबुक पाहिलं, मग मला पाहिलं आणि फार गोड आवाजात विचारलं, "ताई, पत्ता अजून हट्ट्याचाच ना?" मी हो म्हणाले. त्या गोड बोलण्याचीच मला जास्त भीती वाटली.

यांचा फोन तेव्हापासून बंद आहे.

आज दुपारी परराज्याच्या नंबरची पोलीस जीप दारात थांबली. सासूबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. कोणी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "विश्वंभर घरी न्हाई."

जीपमधल्या साहेबानं हातातला कागद पाहिला. "विश्वंभर नहीं. कोमल कौन है? ठगी के पैसे वाला खाता उसके नाम पर है."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या बाईचा हिशेब कधी चुकत नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"ही बघा. माझ्या पोराचं त्यात काई न्हाई, साहेब. जे हाय ते समदं हिच्याच नावावर हाय."