रिकाम्या बादल्या

मर्ना खाली, उचकटलेल्या फळ्यांपाशी गुडघे टेकून बेटाजवळ नांगरलेल्या त्यांच्या राहत्या बोटीच्या तळातून बादली बुडवून वर देत होती. तिचा नवरा ऑर्विल ती घेऊन कठड्यापलीकडे उपडी करत होता. पाहणाऱ्याला बादली रिकामीच दिसली असती. तिच्यात शेगडीतून गळलेला गॅस होता. हवेहून जड असा तो गॅस पाण्यासारखा तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहत निमूट पडून राहतो. म्हणून इंजिन बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. बेटावरचं ऊन तेवढं पेटलेलं. त्याला विझवणं कुणाच्या हाती नव्हतं.

लाटांबरोबर झुलणाऱ्या शेगडीवर पातेल्यात लापशी अर्धीकच्ची थिजली होती.

इतक्यात शंखाचं ताजं मांस घेऊन इझिकल कोळी आपली होडी वल्हवत जवळ आला. त्याच्या ओठांत सिगारेट धुमसत होती.

"इझिकल! सिगारेट पाण्यात टाक! तिथंच, पुढे येऊ नकोस!" मर्ना खालून किंचाळली.

त्यानं दचकून ती टाकली. "अहो बाई, आत्ताच पेटवली होती! सकाळी सकाळी पोटावर पाय!" मग बादलीकडे पाहून हसला. "कॅप्टन, बोट तर कोरडी ठणठणीत. काय उपसताय, जुनी पापं?"

"बायकोचं पाप," ऑर्विलही हसला. "गॅस उघडा ठेवून झोपली महाराणी."

मर्नाचा हात बादलीच्या कडीवर थबकला. परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडणं तिला जमलं नाही. इझिकलनं हवा हुंगली आणि त्याचं हसू मावळलं. मांसाची थाळी त्यानं हलकेच डेकवर ठेवली आणि मोटर चालू न करता, आला तसाच वल्हवत निघून गेला.

बादली पुन्हा खाली-वर होऊ लागली. पण मर्नाला आता राहवेना.

"ऑर्विल, लापशी कुणी ठेवली होती?"

"तू."

"मी लापशीला हात लावत नाही. लग्नाआधीपासून."

त्यानं पातेल्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसाची नजर होती ती. मर्नाला वाटलं होतं तो चिडेल, निदान भांडेल तरी. भांडण म्हणजे दोन माणसं घरात आहेत याची खूण.

बोटीवरचा नियम त्यानंच घालून दिला होता. शेगडी विझली की सिलिंडरची चावी फिरवायची, मोठ्यानं "गॅस बंद" म्हणायचं, आणि दुसऱ्यानं चावीवर नजर टाकूनच "बंद" असा ओ द्यायचा. वादळातही हा पाठ कधी चुकला नव्हता. आज पहाटे त्याच्या लापशीखालची ज्योत वाऱ्याच्या झुळकीनं विझली. त्यानं "गॅस बंद" अशी हाक घातली आणि शिडाच्या दोऱ्या पाहायला वर निघून गेला. हाताचं काम, चावी फिरवणं, राहिलं. तोंडाचे शब्द तेवढे सवयीनं बाहेर पडले.

"तू हाक दिलीस," मर्ना वर येत म्हणाली. "आणि मी अंथरुणातूनच ओ दिला. डोळेसुद्धा उघडले नाहीत. तुझं एकट्याचं नाही रे हे."

तो बोटीच्या कठड्यावर टेकला. पाणी इतकं नितळ होतं की बोटीची सावली खालच्या वाळूवर वेगळी बोट होऊन पडली होती.

"मागच्या महिन्यात नांगराची साखळी अडकवायला विसरलास. मी हसण्यावारी नेलं. हे नेता येत नाही, ऑर्विल." तिनं शेजारी बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लेकीनं तिच्या घरी आपल्यासाठी खोली रिकामी ठेवली आहे. तिथं बर्फ असेल, तू कुरकुरशील, मी ऐकून घेईन. बोट विकून टाकू. पण मी तुला फरफटत नेणार नाही. तुझी बोट, तूच सांग. उतरायचं का आपण?"

त्यानं तिचा हात उचलून तिच्याच मांडीवर ठेवला, ठेवणीतली वस्तू जागेवर ठेवावी तसा. उभा राहिला. आणि खाली न बघता, प्रत्येक दोरी, प्रत्येक खिळा चुकवत, तरुणपणीच्या त्याच सरावलेल्या पावलांनी बोटीच्या पुढच्या टोकाकडे, नाळेकडे चालत गेला; बोट सोडायचा विचार त्या पावलांत कुठंच नव्हता.