धुतलेला रणगाडा

माती

“लई मळला होता, म्हून धुतला बघा,” कावेरीबाई म्हणाली आणि पदराला हात पुसून तिने रणगाडा विनीताबाईंच्या पुढ्यात ठेवला. “साबण न्हाई लावला. दातांच्या ब्रशनं कोपरा न् कोपरा घासला.”

वीतभर लांबीचा रणगाडा हिरवागार चमकत होता. साखळीच्या पट्ट्यात अडकलेलं पाणी क्लासच्या टेबलावर ठिबकत होतं.

विनीताबाईंनी तो लगेच उचलला नाही. वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पट्ट्याच्या दातऱ्यांत माती नव्हती. चाकांवर नव्हती. मागच्या जाळीत नव्हती. त्यांनी डिंकाच्या पाण्यात बसवलेली माती. ती पाण्याने जाणारच होती. पण काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूला कुणी आंघोळ घालेल, असं त्यांच्या मनात कशाला येईल?

“कुणी सांगितलं धुवायला?”

“सरांनी. उद्या फीत कापायला साहेब येऊन राहिलेत ना. सर म्हणले, पेटी पुसून घ्या अन् आतलं ते खेळणंबी स्वच्छ करा.” कावेरीबाई क्लासची झाडलोट करायची. बाईंचा चेहरा बघून ती जरा मागे सरकली. “चुकलं का मॅडम?”

“तुमचं नाही,” बाई म्हणाल्या.

गंज

विनीताबाई लातुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. वेळापत्रकात तरी तसंच लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात आठवीपासूनच त्यांचे तास डॉक्टरी-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची तयारी करून घेणारे फाउंडेशनवाले उचलून नेत आणि बाई व्हरांड्यात उभ्या राहून आतलं भौतिकशास्त्र ऐकत. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांपुरती यायची. “बाई, पास होण्यापुरतं शिकवा,” म्हणायची. या शहरात डाळ पॉलिश करून पोत्यात भरतात. पोरंही तशीच भरतात, असं बाई एकदा स्टाफरूममध्ये बोलल्या होत्या. कुणी हसलं नाही. प्रत्येकाचं एखादं पोर कुठल्या ना कुठल्या पोत्यात होतंच.

रणगाडा त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत केला. कुरिअरने मागवलेले प्लास्टिकचे तुकडे जोडले. त्यावर करडा प्रायमर, त्यावर हिरवा रंग. मग खरं काम सुरू झालं. स्पंजच्या कपच्याने कडांवर टवके पाडले. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग फटींत सोडला. धुराड्याभोवती गंज चढवला.

“अहो, इतका छान रंगवला, अन् आता खराब का करून राहिलात?” शेजारच्या राजश्रीने विचारलं होतं.

“खराब नाही करत. वापरतेय.”

हे त्यांना माउलीने शिकवलं होतं. माउली त्यांचा धाकटा भाऊ. घोडदळाच्या पलटणीत सवार, पण घोडा कुठला, रणगाडा चालवायचा. सुटीवर आला की ओसरीवर बसून सांगायचा, “अक्का, रणगाडा हिरवा नसतोच बघ. ज्या गावाला जाईल त्या मातीचा असतो. हिरवा असतो तो परेडचा. बिनकामाचा.”

“मग एकदा आपल्या गावाला आण की.”

“आणला असता. पण आपल्या वेशीतून जायचा न्हाई. वेस पाडावी लागंल.”

वेस पडली. त्र्याण्णव साली गणपती बुडाल्यावर काही तासांतच, पहाटेच्या भूकंपात सगळं गाव पडलं. माउली सुटीवर होता, मातीच्या छताच्या माळवदाखाली झोपलेला. विनीता तेव्हा नांदेडला चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स करत होती. ती पोचेपर्यंत लष्कर आलं होतं. ढिगारा उपसणाऱ्या जवानाला आधी काळी पत्र्याची पेटी सापडली. पेटीवर पांढऱ्या अक्षरांत नाव, नंबर आणि पलटण. ती अक्षरं विनीतानेच रंगवली होती. जवानाने ती वाचली, बाकीच्यांना हाक मारली. माउलीला बाहेर काढल्यावर त्याने चिखलाच्या बुटांनी टाच जुळवून सलाम केला.

माउलीला मिळाला तो तेवढाच. तो सुटीवर असताना गेला, म्हणून शहीद नाही. चौकाला नाव नाही, शाळेला नाही. गाव पुढे दुसरीकडे वसवलं. जुन्या जागेवर बाभळी माजल्या. या उन्हाळ्यात बाई तिथे जाऊन घराच्या जोत्यावरची ओंजळभर माती घेऊन आल्या. शेतातली काळी नव्हे, गावठाणातली पांढरी. मलमलीतून वस्त्रगाळ केली आणि रणगाड्याच्या पट्ट्यांत, चाकांत, जाळीत भरली.

इतक्या वर्षांनी का होईना, रणगाडा गावात गेला.

हिरवा

क्लासचा संचालक अवधूत हा बाईंचा जुना विद्यार्थी. डिफेन्सची नवी बॅच काढायची म्हणून त्यानेच रणगाडा मागून नेला होता. सोबतची चिठ्ठीही त्याने काचेत लावली होती: ‘सवार माउली सोळुंके, रणगाडा चालक’. त्या चिठ्ठीसाठीच बाईंनी रणगाडा हातातून सोडला होता. या शहरात एका तरी भिंतीच्या आत त्याचं नाव राहील, एवढ्यासाठी.

आता पेटीत चिठ्ठीच्या जागी क्लासचा फोन नंबर होता.

“बसा ना मॅडम. चहा सांगू?” बाई रणगाडा घेऊन केबिनमध्ये आल्या तसा अवधूत म्हणाला.

“चिठ्ठी कुठंय?”

“हाय की. ड्रॉवरमध्ये ठेवलीय. फेकली न्हाई.” अवधूतने ड्रॉवर उघडून दाखवला. “काय झालं मॅडम, पालक विचारतात. कुठल्या लढाईत शहीद झाले म्हणून. आम्ही काय सांगायचं? भूकंपात गेले? सुटीवर? डिफेन्सच्या पोरांना जरा जोश येईल असं पाहिजे.”

“सुटीवरचा सैनिक मेला तर तो मरत नाही का?”

“तसं न्हाई. तुमच्या भावना मी समजू शकतो.”

“तुला माती समजली नाही अवधूत, भावना कुठून समजणार?” बाईंचा आवाज चढला नव्हता, पण बाहेर प्रवेशाचा अर्ज भरत बसलेल्या एका बापाने मान वर केली. “ती घाण नव्हती. आमच्या घराची माती होती. त्या मातीखाली तो गेला.”

अवधूतने टेबलावरचं पेन उचललं. ते फिरवत म्हणाला, “मॅडम, मला काय माहीत? सांगायचं ना. पण खरं सांगू, धुतल्यावर भारी दिसून राहिला. नवाकोरा. शोरूममधून आल्यावानी.”

“आठवीत तू बैल काढला होतास. आठवतं?”

“बैल?”

“सगळ्यांनी पोळ्याचे बैल काढले होते. झूल, गोंडे, रंगवलेली शिंगं. तुझ्या एकट्याच्या बैलाच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता. मी सांगितला नव्हता. तू पाहिला होतास.”

अवधूतचं फिरणारं पेन थांबलं. भिंतीवरच्या फलकांवरून गुण मिळवलेले चेहरे खाली बघत होते.

“तवा टाइम होता बाई,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून मॅडमऐवजी बाई आलं. पण लगेच मोबाइल वाजला आणि तो मंडपवाल्याशी बोलू लागला.

बाईंनी ड्रॉवरमधून चिठ्ठी काढून पर्समध्ये ठेवली. रणगाडा उचलला. त्याने हात वर करून ‘थांबा’ अशी खूण केली. त्या थांबल्या नाहीत.

प्रायमर

दाराशी कावेरीबाई उभी होती. हातात रिकामी बादली.

“मॅडम, एक बोलू? मला वाटलंच होतं.”

“काय?”

“रस्त्याची धूळ धुतली की पाणी काळं निघतंय. ह्याचं पांढरं निघालं. आमच्या जुन्या घराची भिंत पावसात गळायची, तसं. मी म्हणलं, हे खेळणं कुठं फिरून आलं असंल?” ती थोडं थांबली. “आमचंबी गाव पडलंय ना.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ‘घरातलं कोण गेलं?’ हे दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

“ते पाणी कुठं टाकलंत?”

“टाकतेत व्हय?” कावेरीबाईला प्रश्नच कळेना. “लातुरात ऱ्हाऊन पाणी टाकते का कुणी? कुंडीला घातलं.”

फाटकाजवळ क्रोटनची एक कुंडी होती. खालच्या काळ्या मातीवर पांढुरकी साय धरली होती, अजून ओली.

विनीताबाईंनी खांद्यावरची पर्स सरकवली, रणगाडा काखेत धरला आणि कुंडीला हात घातला. कुंडी हलेना. कावेरीबाईने बादली खाली ठेवली आणि दुसरी बाजू उचलली.

“मॅडम,” मागून अवधूत फोन कानाला तसाच धरून आला, “ती कुंडी क्लासची हाय.”

“उद्या दुसरी आणून देते. नवीकोरी. तुला तशीच आवडते.”

रिक्षावाल्याने कुंडी बघून नाक मुरडलं. “बाई, माती सांडंल गाडीत.”

“सांडणार न्हाई,” कावेरीबाई म्हणाली आणि कुंडी सीटवर चढवून तिने तिला ओढणी बांधावी तसा आपला फडका गुंडाळला.

माती

बाईंनी रणगाडा पुन्हा रंगवला नाही. गॅलरीत काळी पेटी आहे, ढिगाऱ्यातून निघालेली, एक कोपरा चेपलेली. पेटीची नावाची बाजू पुढे करून तिच्यावर कुंडी ठेवली आहे आणि क्रोटनच्या बुंध्याशी, त्या मातीतच, रणगाडा. रोज तांब्याने पाणी घातलं की शिंतोडे उडतात. पट्ट्यांवर, चाकांवर, जाळीवर. वाळले की पांढुरके दिसतात.

एकदा राजश्री फडकं घेऊन पुढे झाली. “अहो, पुसून देऊ का? पार चिखलात गेलाय.”

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “गावाला गेलाय तो.”

त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी हळूच ओतलं. पुढचं चाक आणखी थोडं खाली बसलं.