तोंडपाठ नंबर

"मॅम, हा नंबर तुमच्या नावावर नाहीये," मोबाइल कंपनीच्या काउंटरवरची मुलगी, संस्कृती, तिसऱ्यांदा म्हणाली, तेही हसून.

"अकरा वर्षं मी वापरते. माझा नाय तर कोणाचा?"

"अतुल सरांचा. तुम्ही त्यांच्या फॅमिली प्लॅनमध्ये मेंबर आहात."

ते 'सर' सुलेखाला फार झोंबलं. घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची, लघवीच्या नळ्या बदलायच्या, हे तिचं काम. नंबर तिने लग्नाआधी, पहिल्या पगारातून घेतला होता. तीन वर्षांपूर्वी अतुलने, तिच्या नवऱ्याने, तो आपल्या प्लॅनमध्ये घातला. एकत्र स्वस्त पडतं म्हणाला. खुणा केल्या होत्या तिथे तिने सह्या ठोकल्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आता चार महिने ती पदमपुऱ्यात भावाकडे राहत होती, आणि एक तारखेपासून तुझा नंबर बंद करतो, असा अतुलचा निरोप आला होता.

"वेगळा काढून द्या ना मग," सुलेखा म्हणाली.

"मेन नंबरवर ओटीपी जाईल. सरांनी तो सांगितला, तरच."

"अन् बंद करायचा आसंल तर?"

"ते सर करू शकतात."

"मला न इचारता?"

"अटींमध्ये आहे, मॅम. तुमची सही आहे."

बारा पानं इंग्रजी. सही तेवढी मराठीत, चांगली वळणदार. सुलेखाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. तिथेच उभी राहून तिने अतुलला फोन लावला.

"ओटीपी पायजे?" तो म्हणाला. "घरी ये परत, देतो की."

"नंबर माझाय, अतुल."

"मग कशाला मागती?"

तिने फोन कापला आणि नवा नंबर घेतला.

दुपारपर्यंत चाळीस घरांना मेसेज गेले. घोडं पेंड खात होतं ते पडेगावात. तिथल्या कडूबाईंकडे फोनच नव्हता. नवरा, आप्पासाहेब, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. त्याची नळी तुंबली की कडूबाई रस्त्यावर धावायची आणि भेटेल त्याच्या फोनवरून सुलेखाला बोलवायची. अक्षरओळख नाही, पण नंबर तोंडपाठ. चिठ्ठी त्या घरात टिकत नसे. मागची कडूबाईने चुलीत घातली होती.

"त्यानं एक आकडाबी सोडला नाय का गं तुला?" सुलेखा स्वतःच तिच्या घरी गेली, तेव्हा सगळं ऐकून कडूबाईने विचारलं.

"नाय, मावशी. म्हणा माझ्यामागं."

कडूबाई म्हणू लागली. पहिले चार आकडे नीट यायचे आणि पाचव्याला जीभ जुन्या वाटेला लागायची. सुलेखा चिडली, मग चिडल्याची लाज वाटून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. खाटेवरून आप्पासाहेबही पुटपुटत होता. ऊन उतरलं तेव्हा कुठे कडूबाईने दहाच्या दहा आकडे बरोबर म्हटले.

"आलं बघ! जा आता, तुला उशीर होतोय."

सुलेखाने पायात चपला सरकवल्या. आत कडूबाई भाकरीचं पीठ मळता मळता नंबर घोकत होती. मोठ्याने, खुशीत, न अडखळता.

जुना.

सुलेखा चपला काढून पुन्हा आत गेली.